गुलालातला माणूस

जिंतूरच्या झेरॉक्सच्या दुकानात हेमाबाई शाळेचे कागद घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढं तानुबाई पुतण्याकडून, महारुद्रकडून, पोलीस ठाण्यातून मिळालेले कागद वाचून घेत होत्या.

“तुझ्या काकाला कुणी मारलं म्हणून लिहिलंय?”

“‘निवडणूक निकालाच्या मिरवणुकीत अनोळखी इसमाने काठीने मारहाण केली.’”

“अनोळखी? मी त्र्यंबकचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं बी सांगितलं. जमादार माझ्यादेखत लिहायलता.”

“‘तोंडाला गुलाल असल्याने ओळख पटली नाही,’ असं हाय.”

“गुलालानं माणूस बदलतो व्हय? आपल्या राजेश्रीच्या लग्नात पंगतीला वाढत होता की त्यो!”

“आन त्र्यंबकच्या पार्टीच्या फिर्यादीत काकाचं नाव पैलं हाय. दगडफेक केली म्हणं.”

“अकरा टाके पडलेल्या माणसानं?”

“हळू बोल, काकू.”

महारुद्रनं मागं पाहिलं. हेमाबाईंनी नजर आपल्या कागदांवर वळवली.

“अजून बघ. त्र्यंबकचं नाव कुठंतरी असंलच.”

पानं उलटली गेली.

“हाय, काकू.”

“बघ! म्हणलं नव्हतं मी?”

“जागेच्या पंचनाम्यावर हाय. पंच म्हणून सही केलीया त्यानं.”

दुकानदारानं हात पुढं केला. “किती काढायच्या, मावशी?”

“बाकीच्या एकेक. त्या सहीच्या पानाच्या पन्नास काढ, बाबा.”