कार्डाचा नंबर

न्हाय न्हाय, बसू नका, उभंच रहावा तितं. चहा सांगत न्हाय मी आज. खालच्या गाड्यावर पिऊन आलाच असाल की — तितंच बोलला न्हवं काल, चार माणसांत? 'वरच्या सिद्धरामनं माझ्या कॉम्प्युटरचं कार्ड बदललं, चांगलं काढून घेतलं आन् सडकं बसवलं.' मान काय हलवताय! नवी पेठंत खाली कुणी शिंकलं तर मला जिन्यावर ऐकू येतंय. महेश्वरअण्णा, नऊ वर्षं झाली या दुकानाला, आन् मी काय बोलणाऱ्यातला माणूस न्हाय, तुमाला म्हाईत हाय — गिऱ्हाईक बोलतंय, मी स्क्रू फिरवतोय. पण आज मी बोलणार आन् तुमी ऐकणार.

काय होतंय म्हणला मशीनला? — व्हय, तेच. टॉवेलचा नक्शा उघडला, मोराचा पिसारा मोठा करून बगायला गेलं की पडदा थरथरतो, मंग निळा होतो, मंग मशीन आपोआप बंद आन् आपोआप चालू, आन् मोर निम्मा गायब. गुरुवारी नमुना द्यायचा हाय, न्हाय दिला तर पार्टी दुसऱ्या कारखान्याकडं जाणार. ऐकलं की. जिना चढताना सगळ्या पेठंनं ऐकलं. आता माजं ऐका. पडद्यावर चित्र काढतं ते कार्ड — त्याचं बोलणं विंडोजला कळत न्हाय, विंडोजचं त्याला कळत न्हाय, म्हणून मधे एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. अक्कलकोटच्या बाजारात कानडी म्हातारीकडनं शेंगा घेताना लागतो की न्हाय, तसा. विंडोज काय करती, अपडेट आलं की चांगला दुभाषी हाकलती आन् सोताचा बसवती. तो पिसारा म्हणला की शेपूट सांगतो. मंग मशीन आपटणारच. दसऱ्याच्या आधी तुमी पहिल्यांदा आला तवा हेच झालं हुतं — जुना ड्रायव्हर मुळासकट उपटला, कंपनीचा घातला. दिवाळीनंतर आला, अपडेटच बंद केलं. मागच्या महिन्यात आला, आणखी जुना घालून बगितला. सेफ मोडला लावलं तर दिवसभर मुकाट चालती, तितं कार्डाला जड काम नसतंय ना. मंग दोष कुणाचा? ड्रायव्हरचा. कार्डाचा कसा असंल? ते मी पहिल्याच वेळी बाहेर काढून, त्याच्या सोनेरी दात्यांवरनं खोडरबर फिरवून, आरशासारखं केलंय. त्यानंतर हातसुदिक लावला न्हाय. का लावू?

आन् तुमी म्हणता चोर. मला. अवो, परकं हत्यार कसं सांभाळायचं हे तुमी मला शिकवणार? माजा बा दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर हुता. खंडेनवमीला पहिला टिळा मालकाच्या मागाला, मंग आमच्या घरच्या विळीला. परक्याचं हत्यार आपल्या हातात असलं तर पहिला मान त्याचा, म्हणायचा. मी आजबी तेच करतो — नवमीला दुकानात जेवढ्या मशीन दुरुस्तीला असत्यात तेवढ्या आधी पाटावर, माजा पाना-पक्कड सगळ्यात शेवटी. आन् त्याच बाला मालकानं चोर म्हणलं. सुताच्या कांड्यांची पेटी नेली म्हणून. चार माणसांतच म्हणलं, तुमच्यासारखं. काढून टाकला. मी नववीत हुतो, दप्तर खुंटीला अडकवलं ते तितंच राहिलं. पंधरा दिवसांनी पेटी घावली — मालकाच्याच पोरानं जिन्याखाली सरकवली हुती. मंग? ते सांगायला कोण गेलं चार माणसांत? कुणी न्हाय. बा मरेपर्यंत त्या गल्लीतनं खाली बगून चालला... जाऊ द्या. हे तुमाला कशाला सांगतोय मी. तुमचा काय संबंध.

या इकडं. पावतीबुकात तुमच्या कार्डाचा नंबर लिहिलाय, पहिल्या दिवशीचा, खाली तुमची सही. तुमचीच हाय न्हवं? बरं. आता मशीनच्या बाजूला बगा, स्क्रूवर माजं स्टिकर, दसऱ्याची तारीख. फाटलंय? न्हाय. म्हंजे दसऱ्यापासनं ही मशीन कुणी उघडली न्हाय, तुमी न्हाय, मी न्हाय, दुसऱ्या कुठल्या दुकानवाल्यानं न्हाय. आता तुमच्यासमोर फाडतो. हे काढलं कार्ड. वाचा नंबर. मोठ्यानं वाचा की, काल आवाज हुता न्हवं! — चार, आट, एक... शेवटचे तीन? — जुळला. जुळला का न्हाय? आता खाली जायचं, त्याच गाड्यापाशी उभं ऱ्हायचं आन् तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं — चूक माजी, सिद्धरामचा दोष न्हाय. तवर मशीन हितनं हालणार न्हाय, गुरुवार असू द्या न्हायतर शुक्रवार.

आन् थांबा, हे काय? हे बगा. दात्यांवर. लाल. आतल्या खाचंतबी गेलंय. कुंकू हाय हे, अण्णा! ओलं लावलेलं, वाळून पापडी झाली. हां! म्हणूनच! जरा जड काम पडलं की दाते टेकत न्हाईत, कार्ड सुटतंय, आन् मशीन आपटती. ड्रायव्हर बिचारा उगा शिव्या खातोय. कार्डाला कुंकू लावत्यात व्हय कुणी? मागाच्या लाकडाला लावायचं ते इजेच्या वस्तूला? तुमा कारखानदारांची पूजा म्हंजे, हत्यार दिसलं की बोट बुडवायचं आन् — काय?

उघडलीच न्हाय म्हणता? कशी उघडली न्हाय, कुंकू काय वाऱ्यानं...

स्टिकर. व्हय. स्टिकर तर मीच आता फाडलं.

दसऱ्याला सकाळी नेली न्हवं तुमी? झेंडूचा हार हुता वर. तुमी हसला हुता हार बगून, आठवतंय मला. मंग आदल्या दिवशी, नवमीला, मशीन...

कार्ड भायेर हुतं. साफ करून पाटावर ठेवलं हुतं. सगळ्यात पहिलं.

न्हाय, खाली जाऊ नका. गाड्यावर काय सांगायची गरज न्हाय. मी जातो मंग, मीच सांगतो. आदी हे हू द्या. खोडरबर कुटं गेलं — हितंच हुतं.

सरका जरा, अण्णा. उजेड अडतोय.