सुऱ्या फळीवर

(हवाना, १९४८. सिगारच्या कारखान्यातून घरी आलेला हासिंतो आणि त्याची बायको ओब्दुलिया.)

हासिंतो : अगं, ती पळी ठेव अन् बस. अशी गंमत सांगतो, भात करपला तरी उठायची नाहीस.

ओब्दुलिया : गंमत राहू द्या. आपल्या सेनाइदाला कारखान्यात कामगारांना वाचून दाखवायचं काम मिळालं का?

हासिंतो : शेवट आधी सांगितला तर मजा काय? पोरगी चढली चौथऱ्यावर. आम्ही खाली सुरीनं तंबाखूची पानं कापून वळतोय. वाटलं, कालची प्रेमकथा पुढं नेईल. हिनं काढला पेपर!

ओब्दुलिया : अगं बाई! कशाला?

हासिंतो : लढाई संपली, आता जगाच्या व्यापाराची पंचायत करू म्हणून देशोदेशीची माणसं कापितोलिओत, आपल्या संसदेच्या वाड्यात, महिनोन् महिने भांडत होती ना? झाल्या सह्या. त्या कराराची कलमं.

ओब्दुलिया : कलमं? बापावर गेलीय! मग नापसंतीच्या सुऱ्या टाकल्या असतील सगळ्यांनी खाली.

हासिंतो : टाकल्या ना. एक पडली, मग खणाखण.

ओब्दुलिया : तुम्ही तरी शाबासकीची ठोकायची आपली फळीवर!

हासिंतो : तिचा पगार सगळ्यांच्या खिशातनं जाणार. बापाची सुरी कोण मोजतंय? मान खाली घालून बसलो.

ओब्दुलिया : अन् पोरगी?

हासिंतो : पेपर मिटला अन् लागली कादंबरीसारखं सांगायला. अमेरिका म्हणजे पैसेवाला मामा, आवाज हा असा! आपला क्युबा साखरेचं पोतं कवटाळून बसलेला. अन् अर्जेंटिना ऐन मांडवात म्हणते, मी नाही सही करणार जा!

ओब्दुलिया : नवरी फिरली!

हासिंतो : म्हातारा एलिहिओ ओरडला, बरं केलं! पलीकडून पांतालेओन, काय बरं केलं गाढवा, आपल्या सिगारी मग कोण घेणार? जुंपली. तेवढ्यात तिनं कलम वाचलं, परदेशी जाणारा माल बनवणाऱ्याला कुणी राबवून मारायचं नाही. तशी भांडण सोडून एकेकानं वाकून सुरी उचलली अन् ठोकली फळीवर. कानठळ्या बसल्या माझ्या.

ओब्दुलिया : म्हणजे मिळालं!

हासिंतो : थांब की. म्हणाले, उद्या शेवट वाच, अमेरिकेच्या घरची मोठी माणसं, म्हणजे तिथले संसदवाले, हो म्हणतात की नाही. ती म्हणाली, ते कळायला वर्ष लागेल, दोन लागतील. तर म्हणतात, मग तोवर तूच वाच!

ओब्दुलिया : देवा रे! आहे कुठं ती?

हासिंतो : पोरींनी कॉफीला नेलीय, येईलच. एक कर. मी सांगितलं म्हणू नको. तिला पहिल्यापासून सांगू दे, अन् तू पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक.