टॉकीजच्या दारातलं शेवटचं प्रकरण

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पेटीवाले, तुम्हीही श्वास घ्या — सूर कुठं पळून जात नाही! आज अभंगाआधी एक प्रश्न आहे. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनातल्या मनात द्या. म्हणजे खोटं बोलायची सोय राहणार नाही!

प्रश्न असा — तुमच्या जिवाचं जे काही आहे, ते कुणी तुमच्या डोळ्यांदेखत उचललं, त्याला रंगरंगोटी केली, त्याचं काळीज काढून तिथं फटाके भरले, आणि भर चौकात उभं करून म्हणाला, "बघा हो, तुमचंच आहे!" — तर तुम्ही काय कराल? शिव्या द्याल? घरात बसून रडाल? की "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय" म्हणून भजी खायला जाल?

भजी म्हणणारे जास्त दिसतात! हसता काय? ऐका.

बार्शीत एक बाई राहतात. प्रमिला ढोबळे. वय अडुसष्ट. हातात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. पण भक्त! कुणाची भक्त? मंडळी, एका कादंबरीची!

तोंडं वाकडी करू नका. भक्ती म्हणजे काय? ज्याचं बोट धरून आपण वाईट दिवसातून बाहेर आलो, त्याचं बोट न सोडणं. एवढंच. आता ते बोट कुणाचं, हे ठरवणारे तुम्ही-आम्ही कोण?

कादंबरीचं नाव 'निळ्या धुळीचा ग्रह'. लिहिणारे पुरुषोत्तम साखळकर — वेधशाळेत कारकून होते, पावसाचे आकडे लिहायचे, आणि फावल्या वेळात थेट आकाशात जायचे! पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं पुस्तक. गोष्ट काय? सुनेत्रा नावाची बाई यान घेऊन दूरच्या एका ग्रहावर उतरते. तिथं सगळीकडे निळी धूळ. माणूस नाही, झाड नाही, नुसती धूळ! आणि पृथ्वीला हवं असलेलं खनिज त्या धुळीच्या खाली. मग हुकूम येतो — धूळ जाळा, खनिज आणा. पण तोवर सुनेत्राला कळलेलं असतं की ही धूळ जिवंत आहे! ती ऐकते. ती उत्तर देते. जाळायचं बटण सुनेत्राच्या हाताखाली. वरून साहेब ओरडतोय, "दाब!" आणि ती म्हणते, "नाही." सोबतच्यांना यानातून परत पाठवते, स्वतः मागं राहते. शेवटच्या पानावर हातमोजा काढते आणि धुळीवर उघडा हात ठेवते. संपली गोष्ट!

आता प्रमिलाताईंना एवढं काय लागलं त्यात? सांगतो.

सत्ताविसाव्या वर्षी त्या एका नगरपालिकेत पाणी तपासायला होत्या. कुठली नगरपालिका? नाव नको — सगळ्यांनाच आपली वाटेल! तर एका पावसाळ्यात गावात कावीळ सुरू झाली. ताईंनी पाणी तपासलं. पाणी खराब. साहेबांनी कागद पुढं सरकवला. म्हणाले, "लिहा — पिण्यास योग्य. चार दिवसांवर मंत्र्यांचा दौरा आहे."

"साहेब, पाणी योग्य नाही."

"ते मला माहीत आहे! तुम्ही फक्त लिहा."

ताई सांगतात, "माझा हात पेनाकडं गेला हो. घरात आजारी वडील, धाकटी बहीण लग्नाची. हात गेला! आणि तेवढ्यात मला ती सुनेत्रा आठवली. बटणावर बोट असलेली. मी पेन खाली ठेवलं."

काय झालं? सत्कार? छे! डोंगरातल्या गावी बदली. सात वर्षं! बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. पण ताईंनी अहवालाची नक्कल गावच्या डॉक्टरांना दिली होती, आणि त्या आठवड्यात घराघरात पाणी उकळलं गेलं. मंडळी, किती पोरं वाचली याचा हिशेब वर असेल, खाली कुणी ठेवला नाही.

म्हणून ते पुस्तक! पुठ्ठा गेला, यांनी खणाचं कापड लावून बांधलं. नवी प्रत बाजारात मिळेना, तर ओळखीच्यांना वाचून दाखवलं. फोनवर पुस्तकवेड्यांचा एक गट जमवला — त्रेसष्ट माणसं! आणि एके दिवशी त्या गटावर बातमी पडली — 'निळ्या धुळीचा ग्रह'वर सिनेमा येतोय!

झालं! गटावर रणधुमाळी! कुणी म्हणतो, वाट लावणार. कुणी म्हणतो, सुनेत्राला नाचवणार. कुणी दिग्दर्शकाच्या आईवर गेलं! ताईंनी लिहिलं, "त्याच्या आईनं काय केलंय? शिवी देऊन पुस्तक वाचत नसतं." आणि गंमत बघा — आठवड्यानं तो दिग्दर्शकच ताईंच्या दारात! निनाद चौबळ. तरुण, हसरा, पायातले बूट बाहेर काढून आत आलेला. वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. आपल्याला खलनायक लागतोच. इथं नाही मिळायचा!

म्हणाला, "मावशी, तुम्ही या पुस्तकाच्या सगळ्यात जुन्या वाचक. कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला — सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक आहे म्हणून."

ताईंनी चहा दिला. म्हणाल्या, "बोलेन की. एकच सांगा. शेवटी ती बटण दाबते का?"

निनादनं चहाचा घोट घेतला. मग दुसरा.

"मावशी, आजच्या प्रेक्षकाला शेवटी काहीतरी मोठं लागतं…"

"दाबते का?"

"दाबते. पण रडत रडत दाबते!"

ऐकलंत? रडत रडत! म्हणजे पाप माफ!

ताई म्हणाल्या, "अहो, ती नाही म्हणते म्हणून ते पुस्तक आहे. नाहीतर खाणीची जाहिरात झाली."

"स्फोट आधीच तयार करून ठेवलाय, मावशी. फार सुंदर झालाय."

"मग तो दिवाळीत दाखवा. माझे दोन शब्द मिळणार नाहीत."

आता इथं कुणीतरी मनात म्हणेल — बुवा, तुम्ही तरी काय वेगळं करता? बरोबर! पकडलंत! परवाच्या आख्यानात मी एका जुन्या राणीला चुलीवर चहा ठेवायला लावला. तिच्या काळात चहा होता का? नव्हता! तुम्हाला आवडला म्हणून ठेवला. पण त्या राणीनं भर दरबारात राजाला सुनावलं — ते मी कधी गाळलं? कधी तिला "जशी आज्ञा, महाराज" म्हणायला लावलं? अहो, लुगडं बदला, बोली बदला, चहा ठेवा, कॉफी ठेवा! पण तिचा नकार काढून घेतलात, तर मग ती राणी राहिली कुठं?

असो. सिनेमा आला. बार्शीत 'चित्रज्योती' टॉकीजला लागला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला ताई गेल्या. तिकीट काढून! न बघता बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. आपल्यात हा नियम पाळणारे हात वर करा — राहू द्या, हात दुखतील!

बघितला. चांगलं होतं ते त्यांनी मान्य केलं. निळी धूळ पडद्यावर हलली तेव्हा अंगावर काटा आला, असं त्या स्वतः सांगतात. आणि मग शेवट. सुनेत्रा रडली. बटण दाबलं. धडाम! लोकांनी शिट्ट्या मारल्या. ताई अंधारात बसून राहिल्या. त्यांना वाटलं, सात वर्षं डोंगरात काढली ती कुणीतरी खोडून टाकली.

पण मंडळी, दुसऱ्या दिवशी काय केलं त्यांनी? दगड घेतला? काळं फासलं? घरातलं स्टूल उचललं, पुस्तक घेतलं, आणि खेळ सुटायच्या वेळी टॉकीजच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. लोक बाहेर पडायला लागले तशी मोठ्यानं हाक दिली —

"सिनेमा बघितलात, चांगलं केलंत! आता खरा शेवट ऐका. वीस मिनिटं लागतील. फुकट आहे!"

लोक हसले. एकानं विचारलं, "आजी, पॉपकॉर्न आहे का?" ताई म्हणाल्या, "आत संपले नसतील तर घेऊन ये, मी थांबते." आणि स्टुलावर बसून शेवटचं प्रकरण वाचायला लागल्या. पहिल्या दिवशी ऐकायला किती? तीन माणसं. त्यातला एक रिक्षाची वाट बघत होता!

चौथ्या दिवशी बारा. सातव्या दिवशी रस्त्याची कड भरली. मॅनेजर हणमंतराव शेटे बाहेर आले, घामाघूम.

"अहो बाई, माझ्या धंद्यावर का उठलात?"

"मी कुणाला बघू नका म्हणाले का? उलट बघूनच या म्हणते. न बघता माझा शेवट कळायचा नाही!"

शेटेंनी पोलिसांना फोन केला. हवालदार आल्या. त्यांनी विचारलं, "रस्ता अडवला?" नाही. "घोषणा?" नाही. "मग बाई करतात काय?" शेटे म्हणाले, "पुस्तक वाचतात." हवालदार म्हणाल्या, "साहेब, याला कलम कुठलं लावू?" आणि गाडीला टेकून पुढचं ऐकत उभ्या राहिल्या!

तेराव्या दिवशी निनाद चौबळ आला. कुणीतरी कळवलं असणार. डोक्याला टोपी, तोंडाला रुमाल, मागं गर्दीत उभा. पण ताईंनी ओळखलं. बूट ओळखले! वाचन थांबवलं. लोकांनी वळून बघितलं. कुणीतरी ओरडलं, "अरे, हाच तो!" दोन-चार जण पुढं सरकले. आता बघा, इथं खरी परीक्षा! ताई उठल्या आणि त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाही. हा वाचक आहे." मग पुस्तक त्याच्या हातात दिलं. "शेवटची दोन पानं तुम्ही वाचा. माझा घसा बसलाय."

निनादनं रुमाल काढला. वाचायला लागला. आधी घाईघाईनं, मग हळू. हातमोज्यापाशी आला आणि वाक्य अर्धंच सोडून तेच पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्यानं वाक्य पुरं केलं, पुस्तक मिटलं.

म्हणाला, "आठवीत असताना वाचलं होतं. तेव्हा ती राहिली म्हणून मी रात्रभर झोपलो नव्हतो. मावशी… पण सिनेमा आता बदलता येत नाही."

ताईंनी पुस्तक परत घेतलं. "मला ठाऊक आहे, बाळ. तुझा सिनेमा तू बदलू शकत नाहीस. मग मीही थांबू शकत नाही. उद्या साडेतीनला."

वा! काय उत्तर आहे! राग नाही, रडगाणं नाही, आणि माघार? तसूभर नाही!

सिनेमा एकूण चोवीस दिवस चालला. ताई तेवीस दिवस वाचत राहिल्या. ताप आला त्या दिवशीही गेल्या. जिंकल्या का? सिनेमा जोरात चालला, बक्षिसंही मिळाली त्याला. पंचविसाव्या दिवशी टॉकीजला दुसरं पोस्टर लागलं. ताई सहज भाजीला निघाल्या होत्या, तर फाटकाबाहेर साठ-सत्तर माणसं उभी! "ताई, आज सिनेमा नाही. आता पहिल्यापासून वाचा." शेटे मॅनेजरांनी आतून खुर्ची आणून ठेवली होती. तोंड पाडून, पण आणली होती!

आता माझं गाऱ्हाणं तुमच्यापाशी, मंडळी. तुम्ही फोनवर रागावता. अंगठ्यानं रागावता! चार शब्द टाइप करता आणि वाटतं, झालं, धर्म राखला. अहो, ज्यानं तुम्हाला ताठ उभं केलं — पुस्तक असेल, मास्तर असेल, आईची एखादी ओवी असेल — ते कुणी पुसायला निघालं, तर तुम्हाला ते तोंडपाठ तरी आहे का? चारचौघांत हसू झालं तरी वाचून दाखवाल का? ज्यानं बिघडवलं त्याच्याच हातात ते परत द्याल का? इथं बसलेल्या प्रत्येकाला विचारतोय. खांबाआड बसलात म्हणून सुटत नाही!

मघाचं उत्तर मनात दिलं होतंत ना? भजी म्हणाला होतात. घरी जाऊन बदला ते. आज नाही जमलं तर उद्या बदला, पण बदला! चला, उचला टाळ. आणि आज पुटपुटायचं नाही — देवाचं नाव असं घ्या, की कुणी खोडायला आला तर त्याचाच हात थरथरला पाहिजे!