पाठकोऱ्या कागदावरची बाई

जबाब, ता. ११ मार्च १९४३

नाव जानराव इंद्रभान गोटे, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, धंदा छापखाना, राहणार वाशिम, जिल्हा अकोला. ठाण्यात आपण होऊन हजर राहून, ठाणेदार साहेबांनी विचारल्यावरून तोंडी सांगतो ते येणेप्रमाणे.

पहिला प्रश्न असा की, सोबतच्या कागदावरील बाईचे चित्र तयार होण्यास काय लागले. त्याचा हिशेब असा. तीन रंगांची शाई, सागाच्या लाकडात कोरलेले तीन ठसे, रामधन पेंटर याची चार दिवसांची मेहनत, आणि नानीबाई हिची जळणाची एक मोळी, जी त्या दिवशी बाजार उठून गेल्यामुळे विकायची राहिली. मोळी मी घेतली. याखेरीज बाईची हवालात हिशेबात धरायची की नाही, ते साहेबांनी ठरवावे. माझ्या मते ती पहिल्या ओळीत धरावी.

मी मूळचा मेडशीचा. छापखान्यात शाईचा रूळ फिरवायला लागलो तेव्हा मला अक्षर येत नव्हते. वाचायला शिकलो ते शिशाच्या उलट्या खिळ्यांवरून, त्यामुळे सरळ अक्षर वाचायला आजही मला अंमळ उशीर लागतो. आता यंत्र माझे आहे. बाहेर ओट्यावर बसून, आतल्या यंत्राच्या आवाजावरून कोणता खिळा सैल झाला ते मी सांगतो. माझे कान तिखट आहेत असे गावात म्हणतात व मी नाही म्हणत नाही. हे सांगण्याचे कारण, पुढे जी बोलणी सांगत आहे ती कोणाकडून कळलेली नाहीत, माझ्या कानांनी ऐकलेली आहेत.

दोन दिवाळ्यांमागे गंगाधरपंत बिडवई, सेवानिवृत्त शिक्षक, यांनी मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापायला दिले. नाव ‘तांड्याची लाखी’. पानोपानी चित्र आणि खाली दोन ओळी. गोष्ट अशी की, लाखी नावाची बंजारीण मिठाचे बैल भर पुरातून पलीकडे नेते. वेष्टनावर लाखी आणि तिचे बैल असे तीन रंगांचे चित्र घालायचे ठरले. बिडवई म्हणाले, “जानराव, या वेष्टनानं आपलं पुस्तक वऱ्हाडात घरोघरी जाईल.” मी हो म्हणालो. छापून घेणाऱ्याला मी नेहमीच हो म्हणतो.

रामधनला समोर कोणीतरी बाई पाहिजे होती. मनातून बाई काढली की ती बिडवई मास्तरांसारखी दिसते, असे तो म्हणाला. नानीबाई, खेमा याची बायको, ही जवळच्या तांड्यावरून बाजाराला मोळी घेऊन येते. तिला ओट्यावर बसवली. चार पुरुष बसलेले पाहून ती आमच्याकडे पाठ करून बसली. रामधन म्हणाला, “बाई, तोंड तं दिसू दे.” तिने मान तेवढी वळवली आणि म्हणाली, “तोंड पाहाले मोळी घ्या लागते.” आणि हसली. ते हसणे आणि ती वळलेली मान रामधनने तशीच उतरवली. ओढणी मात्र त्याने वाऱ्याने उडालेली दाखवली. तो वारा त्याच्या मनचा होता. त्या दिवशी झाडाचे पान हालत नव्हते.

पुस्तक शाळांत गेले आणि तक्रार आली. गावच्या काही प्रतिष्ठित मंडळींची बैठक माझ्या शेजारच्या घरी झाली. भिंत दोघांची एक आहे. एक गृहस्थ म्हणाले, “मुलांच्या हातात ही उघडी पाठ द्यायची?” दुसरे म्हणाले, “चोळीला मागून कापडच नाही हो!” तिसरे म्हणाले, “त्यांच्या बायकांची चोळी तशीच असते. दर बाजाराला दिसतात.” त्यावर पहिले म्हणाले, “बाजारात असेल. पुस्तकावर नको.” नंतर बराच वेळ प्रत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी बिडवई आले. ते म्हणाले, “वेष्टन मागं घ्या. साधा खाकी कागद लावा.” मी म्हणालो, “मास्तर, ती बाई लाजून पाठ करून बसली होती.” ते म्हणाले, “ते तुम्हाला माहीत. पाहणाऱ्याला काय माहीत?” वेष्टने फाडून काढली. उरलेली, जी लागलीच नव्हती, ती गठ्ठे बांधून माझ्या माळ्यावर ठेवली. रामधनला ठसे तासून कोरे करायला सांगितले. त्याने ठसे घरी नेले, ते परत आणले नाहीत. तो आता बायस्कोपचे बोर्डही रंगवत नाही, दुकानांवर नुसती अक्षरे काढतो.

नानीबाई पुढच्या बाजारी आली. तिला कोणीतरी सांगितले होते. ती म्हणाली, “काहून फाडलं, दादा? माही पाठ खराब हाय काय?” मी म्हणालो, “पाठ चांगली हाय, बाई. पाहनारायचे डोये आले.” ती हसली नाही. त्या दिवसापासून ती माझ्या गल्लीतून मोळी नेत नाही, मागच्या रस्त्याने नेते.

गेल्या महिन्यात मेडशी येथील चतुराबाई या जमीनवाल्या बाईची बैलजोडी चोरीस गेली. हेड कॉन्स्टेबल जगदेव, ज्यांना सर्व जमादार म्हणतात, नोटिशीचा मजकूर घेऊन माझ्याकडे आले. लढाईमुळे कागद मिळत नाही हे साहेबांना ठाऊक आहे. मी तसे सांगितले. जमादारांनी माळ्यावर पाहिले.

“हे काय हाय?”

“परत घेतलेली वेष्टनं, जमादारसाहेब.”

“पाठकोरी हायेत ना?”

“पाठकोरी हायेत. पन पुढून बाई हाय.”

“अहो, भिंतीले चिकटवल्यावर बाईचं तोंड भिंतीकडं जाते. भिंत काय पाहाले बसली?”

मी म्हणालो, “कोनी उलटं लावलं तं?”

“लोक काय येडे हायेत काय, जानरावभाऊ? तुमी छापा.”

मी छापले. अशा रीतीने, पाठ दिसते म्हणून टाकलेला कागद पाठ कोरी आहे म्हणून उचलला गेला.

कागद चिकटवायला खळ लागते आणि खळीला पीठ लागते. सध्या खायला पीठ मिळत नाही, ते भिंतीला कोण लावणार? गावोगावच्या कोतवालांनी कागद दोऱ्याने बांधले, खिळ्याला अडकवले, बाभळीच्या काट्यात खोचले. एका अंगाला बारीक काळी अक्षरे, दुसऱ्या अंगाला तीन रंगांची बाई. ज्याला वाचता येत नाही त्याने रंगीत अंग हेच कागदाचे तोंड धरले. त्यात कोतवालांची चूक मी धरत नाही. कागद असा लटकवायचा आणि खाली उभे राहून हाकारा द्यायचा, “मेडशीची बैलजोडी चोरीले गेली हो! चोर दिसला तं ठान्यात सांगा हो!” वर पाहावे तर बाई, आणि बाईच्या पुढे बैल.

नानीबाई तिची बहीण कमलीबाई हिच्या तांड्यावर लग्नाला गेली होती. तेथून ती शेलूबाजारच्या बाजारात बांगड्या घ्यायला आली, तेव्हा पोरांनी तिला ओळखले. माणसे जमली. एकाने काट्यात खोचलेला कागद काढून तिच्या तोंडाशी धरला. ती म्हणाली, “हो, मीच हाय ते.” तिला वाटले, पुस्तक पुन्हा निघाले. लोकांनी तिला ठाण्यात आणून जमादारांच्या हवाली केली आणि हेच बोलणे पुढे कबुली म्हणून लिहिले गेले आहे.

खेमा तोच कागद घेऊन माझ्याकडे आला. तो ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला. म्हणाला, “जानरावदादा, हे तुयाच छापखान्यातलं ना? माही बायको यात चोर कशी झाली?” मी कागद उलटून त्याला मागची अक्षरे दाखवली. तो म्हणाला, “मले वाचता येत नाही. तिलेही येत नाही. तुले येते ना? मंग चाल.”

म्हणून मी काल येथे आलो. साहेब दौऱ्यावर होते. जमादार म्हणाले, “चित्रात बैल, चोरीत बैल. चित्रात बाईच्या दंडावर चुडे, हिच्याही दंडावर चुडे. आनखी काय पाह्यजे? नोटीस लावल्याबरोबर चोर धरला, असा रिपोट वर गेला हाय.”

मी म्हणालो, “चुडे तं तांड्यावरच्या हरेक बाईच्या दंडावर हायेत.”

“मंग हरेक बाईले आनू.”

मी कागद उलटून त्यांच्यापुढे धरला व म्हणालो, “आपलीच नोटीस हाय, एक खेप वाचा.” ते म्हणाले, “तुमी छापली, तुमीच वाचा.” मी वाचली. नोटिशीत असे आहे: चोर अनोळखी पुरुष, वय सुमारे तीस, मिशा बारीक, डावा पाय ओढत चालतो. खोलीत दोन शिपाई होते, त्यांपैकी एक तोंड फिरवून खोकला. जमादार म्हणाले, “भेस बदलला असंन.”

“आन मिशा?”

“काढल्या असतीन.”

“आन लंगडं पाऊल?”

“जानरावभाऊ, तुमी छापखाना सांभाळा. साहेब उद्या येतीन, तवा पाहू.”

मी व खेमा व्हरांड्यात बसून राहिलो. दिवस मावळताना आतून वाळके लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. एकदा, मग दोनदा, मग लागोपाठ. मला वाटले, चुलीला काड्या मोडत आहेत, चहा होत असेल. खेमाला मी तसे म्हणालोही. चहा आला नाही.

आज सकाळी साहेब आले. साहेबांनी कागद दोन्ही अंगांनी पाहिला आणि बाईला सोडण्याचा हुकूम दिला, याबद्दल मी साहेबांचा आभारी आहे. तेव्हा जमादार माझ्याकडे पाहून हसून म्हणाले, “पाह्यलं? एक सही झाली का बाई पाच मिन्टात बाहीर. आली तशी जाईन.”

नंतर बाईच्या अंगावरून घेतलेला मुद्देमाल साहेबांपुढे ठेवण्यात आला. फडक्यात चुड्यांचे तुकडे होते. जमादारांनी खुलासा केला की, चित्राशी ताडून पाहण्यासाठी चुडे जप्त केले. ते दंडावरून निघत नव्हते म्हणून मोडावे लागले. काल संध्याकाळचा आवाज कशाचा होता ते मला तेव्हा कळले.

मुद्देमालाची किंमत काय लिहावी असे हा जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शींनी मला विचारले. शिंगाचे चुडे आहेत, बाजारात त्यांना फारशी किंमत नाही. परंतु त्यांच्या लोकांत दंडावरचा चुडा लग्नात चढवतात आणि नवरा मेल्यावरच फोडतात. एरवी तो उतरत नाही. नानीबाईचा नवरा समोरच्या निंबाखाली भाकरीचे फडके घेऊन बसलेला आहे. किंमत कोरी ठेवावी असे मी सांगितले. मुन्शी म्हणाले, रकाना कोरा ठेवता येत नाही. त्यांनी ‘किरकोळ’ असे लिहिले.

जमादारांचे म्हणणे पडले की, नवे चुडे बाजारात मिळतात, ते घेऊन देऊ. मी त्यांना विचारले, “तुमच्या घरी कोनाचं मंगळसूत्र असं तोडलं आन दुसरं आनून दिलं तं चालंन काय?” ते म्हणाले, “हे जबाबात येनार नाही.” साहेब म्हणाले, येईल. म्हणून हे लिहिले आहे.

माझी अर्ज-विनंती इतकीच की, लटकवलेले सर्व कागद उतरवून आणावेत. आज सकाळी जवळच्या गावांहून ते आणायला पाठवलेले शिपाई रिकाम्या हाताने आले आहेत. लोकांनी कागद घरात नेले असून रंगीत अंग बाहेर करून भिंतीला लावले आहेत, देत नाहीत. मागे जे लिहिले आहे त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मेडशीत चतुराबाईंच्या स्वतःच्या घरीही एक लावलेला आहे, आणि त्यांच्या घरची माणसे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चोर म्हणून दाखवतात.

बैलजोडीबद्दल मला काही माहिती नाही. लंगडा इसम मी पाहिलेला नाही. बिडवई यांच्याशी किंवा जमादारांशी माझे पूर्वीचे वैर नाही. रामधनला या कामी बोलावू नये. त्याने जे काढले ते खरे काढले, एक वारा सोडून.

येथवरचा मजकूर मुन्शींनी मोठ्याने वाचला, मी कान देऊन ऐकला. तो माझ्या बोलण्याबरहुकूम आहे आणि त्यात कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करतो. वाचायला सुरुवात होण्याआधीच हवालातीचे कुलूप काढलेले होते व दार सताड उघडे होते. खेमाने दारापासून हाका मारल्या. आतून नानीबाईचे उत्तर आले, “तेले म्हना, तांड्यावर जाय.” मजकूर वाचून संपला आहे. बाई बाहेर आलेली नाही.

सही: जानराव इंद्रभान गोटे
समक्ष: ठाणेदार