बी असतं की नसतं?

लेकीला तिबेटी भिक्षुणींच्या मठातून कायमची घरी न्यायला डोल्कर मुंडगोडला आली होती. चहाच्या रांगेत तिच्या पुढे दोन अनोळखी तरुण भिक्षुणी होत्या.

"काल वादाच्या अंगणात शास्त्रार्थ करताना तू गेन-लांना गप्प केलंस म्हणे?"

"गुरू आहेत गं त्या माझ्या! त्या म्हणाल्या, कोंब आला तरी बी असतंच. मी उभी राहून, प्रश्न विचारणारीनं वाजवायची ती टाळी वाजवून विचारलं, बी तसंच असेल तर कोंब झालं कोण?"

"मग?"

"अडल्या. पोरींनी नुसता गिल्ला केला. आता कुठल्या तोंडानं समोर जाऊ?"

"याच तोंडानं ये." डोल्करच्या मागे म्हाताऱ्या गेन-ला पेला घेऊन उभ्या होत्या.

"चुकलं माझं, गेन-ला."

"कुठे चुकलं, ते संध्याकाळी शोधू. आज तू खाली बसून माझी बाजू मांडायची. तुझाच प्रश्न घेऊन टाळी मी वाजवणार."

"म्हणजे मी मलाच हरवायचं?"

"जमलं तर हरव. मला आवडेल."

चहा वाढणारीनं डोल्करचा पेला भरला. "लेकीला न्यायला आलात ना? बस दुपारची आहे."

"जाऊ दे ती बस. संध्याकाळी अंगणात मला ऐकायला बसू देतील का?"