मला विचारलेला प्रश्न

अगं, गंगापूर रोडला आमचं वाचनमंडळ भरतं ना, तिथलंच सांगते. त्या दिवशी किशोरांसाठीची एक कादंबरी होती. त्यातल्या मुलीच्या घरच्यांना मुसलमान म्हणून कुणी भाड्यानं घर देत नाही. शेवट वाचताना सुनीताताई रडल्याच. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण तिथं मुसलमान मी एकटीच.

"शाहीन, तुला कधी असा अनुभव आला का गं?"

खरं सांगितलं असतं तर माझ्यासाठीही रडल्या असत्या, आणि ते मला नको होतं. म्हटलं, "छे हो, कधीच नाही."

"बघा, आपलं नाशिक चांगलंय!" ताई म्हणाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

खाली उतरले, तर सायखेड्याहून अम्मीचा फोन.

"रूम मिली क्या, बेटा?"

"नहीं, अम्मी. आज भी नाम सुनके मना कर दिया."