पिवळी ज्योत

आमचं लग्न कसं जमलं, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही ना? धुळ्याची मंडळी मला बघायला भुसावळला आली होती. चहा करायला गेले, तर ओट्यावर दोन सारखे डबे आणि दोन्हींत पांढरं, बारीक. मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी, त्यामुळे चाखून बघायची सोय नव्हती. मग कॉलेजातलं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आठवलं. एका डब्यातली चिमूट गॅसवर टाकली, तर ज्योत भडक पिवळी झाली. म्हणजे सोडियम, म्हणजे हे मीठ. दुसऱ्या डब्यातली साखर मी निर्धास्तपणे चहात घातली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मुलाची आई बाहेर जाऊन आपल्या नवऱ्याला अहिराणीत सांगत होती, "मन्हा पोऱ्यानी दृष्ट काढी हिनी. आते दुसरी पोर देखानी नही."